पूडलचं पिल्लू घेताय? मग आधी त्याची आई बघा

पूडल घ्यायचं डोक्यात आलं असेल तर पहिलं काम हे करा की इन्स्टावर पिल्लांचे फोटो बघणं बंद करा. सहा-सात आठवड्यांचं कुठलंही पूडल फोटोत गोडच दिसतं, आणि त्यातलं कुठलं धडधाकट आणि कुठलं पुढच्या आठवड्यात सलाईनवर जाणार हे फोटो बघून डॉक्टरलाही सांगता येत नाही. पिल्लू कसं निघणार हे ठरतं त्याच्या आईबापावरून आणि पहिले आठ आठवडे त्याला कुणी, कुठे आणि कसं वाढवलंय त्यावरून. म्हणून शोधायचा तो ब्रीडर, पिल्लू त्याच्यामागून येतं. मी पुण्यात राहते, घरी मिनिएचर पूडल आहे, आणि ओळखीतलं कुणी पूडल घ्यायला निघालं की मला फोन येतो, तर जे दरवेळी फोनवर सांगते ते सगळं इथे एकदा नीट लिहून ठेवते.

साइज आणि केस, हे आधी घरात बसून ठरवा

आंतरराष्ट्रीय संघटना एफसीआयच्या मापाप्रमाणे पूडलचे चार साइज असतात: टॉय २४ ते २८ सेंटीमीटर, मिनिएचर २८ ते ३५, मीडियम ३५ ते ४५ आणि स्टँडर्ड ४५ ते ६०, हे सगळं खांद्यापर्यंतची उंची धरून. आपल्याकडे टॉय आणि मिनिएचरच जास्त दिसतात. स्टँडर्ड मिळतो पण कमी, आणि तो चांगला वीस-पंचवीस किलोचा, रोज भरपूर पळायला लागणारा कुत्रा आहे, वन बीएचकेमध्ये त्याला कोंडू नका. मूळ ही पाण्यात उतरून शिकार आणून देणारी जात, त्यामुळे छोट्या साइजच्या पूडललाही नुसतं मांडीवर बसून भागत नाही, डोक्याला काम नसलं की भुंकणं आणि कुरतडणं सुरू होतं.

‘टीकप’ नावाचा साइज जातींची नोंद ठेवणाऱ्या कुठल्याच केनेल क्लबच्या यादीत नाहीये. टीकप म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा पाच-सहा आठवड्यांचं, आईपासून लवकर तोडलेलं, नाहीतर मुद्दाम कमी खायला घालून बारीक ठेवलेलं पिल्लू असतं, किंवा दोन अगदीच लहान कुत्र्यांपासून काढलेलं, ज्याची रक्तातली साखर काही तास उपाशी राहिलं तरी उतरू शकते. या शब्दाला जास्त पैसे मोजू नका, आणि जो ब्रीडर हा शब्द जाहिरातीत वापरतो त्याला फोनही करू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

केसांचं बोलायचं तर पूडल केस फारसा गाळत नाही हे खरं, पण गळलेला केस त्याच्या कुरळ्या कोटातच अडकतो आणि त्याच्या गाठी होतात, म्हणजे एक दिवसाआड मुळापर्यंत विंचरणं आणि दर चार ते सहा आठवड्यांनी ग्रूमरकडे जाणं हा खर्च आणि वेळ कुत्रा असेपर्यंत, म्हणजे बारा-पंधरा वर्षं धरायचा. शिवाय ‘हायपोअलर्जेनिक’ म्हणून विकतात त्यावर विसंबू नका, ॲलर्जी कुत्र्याच्या लाळेची आणि कोंड्याचीही असते. घरात कुणाला दमा असेल तर ब्रीडरकडच्या मोठ्या कुत्र्यांसोबत तासभर बसून बघा आणि मगच पुढे जा.

ब्रीडर सापडतो कुठे

गूगलवर ‘पूडल पपी निअर मी’ टाकलं की आधी येतात ते बहुतेक एजंट. त्यांच्याकडे स्वतःची कुत्री नसते, ते चार ठिकाणची पिल्लं गोळा करून विकतात आणि तिथेच पार्व्हो हा जीवघेणा विषाणू एका पिल्लाकडून दुसऱ्याला जातो.

खरी माहिती मिळते ती ग्रूमरकडे. जो ग्रूमर नियमित पूडल करतो त्याच्या हाताखालून वेगवेगळ्या ब्रीडर्सची कुत्री जातात, कुणाच्या लाइनमध्ये (वंशात) कान सारखे खराब होतात, कुणाची कुत्री क्लिपरला घाबरून चावतात, कुणाचे दात तिसऱ्या वर्षीच हलायला लागतात हे त्याला पाठ असतं. दुसरे म्हणजे तुमच्या भागातले व्हेट. आणि तिसरी जागा डॉग शो, हिवाळ्यात केनेल क्लब ऑफ इंडियाशी जोडलेल्या क्लबांचे शो महाराष्ट्रात होतात, तिथे पूडलच्या रिंगजवळ जाऊन बसा, जजिंग चालू असताना कुणाशी बोलू नका पण संपल्यावर लोक मोकळेपणाने बोलतात. नंबर घ्या, शक्य असेल तर त्यांची मोठी कुत्री हाताळून बघा. शोमधला पूडल अनोळखी माणसाला हात लावू देतो का, मागे मागे सरतो का, हे तिथे पाच मिनिटांत दिसतं.

आणि थांबायची तयारी ठेवा, हा भाग लोकांना सगळ्यात जड जातो. हिशोब करून बघा: मादी साधारण सहा महिन्यांनी हीटवर (माजावर) येते, चांगला ब्रीडर प्रत्येक हीटला मेटिंग करत नाही, गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा, त्यानंतर पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळ. म्हणजे मेटिंग आज झालं तरी पिल्लू तुमच्या हातात यायला चार महिने. त्यात टॉय पूडलला एका वेळी दोन-तीनच पिल्लं होतात. मग ज्याच्याकडे बाराही महिने ‘रेडी स्टॉक’ असतो, सगळ्या रंगांत, सगळ्या साइजमध्ये, त्याच्याकडे तो येतो कुठून? हा प्रश्न स्वतःला विचारला तरी अर्धी यादी गळून पडते.

पहिला फोन

किंमत शेवटी विचारा. आधी विचारा की आई तुमच्याकडेच आहे का, तिचं वय काय, हे तिचं कितवं लिटर (म्हणजे कितवी वीण), आधीचं लिटर कधी झालं, बाप कुणाचा आणि तोच का निवडला. २०१७ च्या केंद्र सरकारच्या श्वान प्रजनन नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, घरात दोनच कुत्री ठेवून पिल्लं विकत असला तरी. मादी १८ महिन्यांच्या आत किंवा आठ वर्षांनंतर ब्रीडिंगला वापरायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त लिटर नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. तेव्हा नोंदणी नंबर मागायला संकोच करू नका. ज्याच्याकडे आहे तो लगेच पाठवतो, ज्याच्याकडे नाही तो ‘एवढं कुणी विचारत नाही मॅडम’ म्हणतो.

‘इम्पोर्टेड पिल्लू’ असं कुणी म्हटलं तर जास्तच सावध व्हा. २०१६ मध्ये सरकारने परदेशातून व्यापारी ब्रीडिंगसाठी कुत्री आणण्यावर कडक निर्बंध घातले. आईबापाच्या मागच्या पिढीत कुणी बाहेरचं असू शकतं, ते पेडिग्रीत (वंशावळीत) दिसेल, पण पिल्लूच ‘थायलंडहून आलंय’ म्हणत असतील तर कागद बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो. घरात कोण असतं, दिवसा कुत्रा किती तास एकटा राहणार, मुलं किती वर्षांची, घर भाड्याचं का स्वतःचं, गावी गेलात की कुत्रा कुठे ठेवणार. याचा राग मानू नका, ज्याला आपलं पिल्लू कुठे जातंय याची काळजी आहे त्यानेच त्याच्या आईचीही घेतलेली असते.

टेस्टचे कागद, इथे घाई करू नका

‘दोन्ही पॅरेंट हेल्दी आहेत’ हे वाक्य म्हणजे टेस्ट नव्हे. पूडलमध्ये काही आजार असे आहेत की कुत्रा चार-पाच वर्षांचा होईपर्यंत काहीच दिसत नाही, आणि तोपर्यंत त्याची पिल्लं घरोघरी पोचलेली असतात.

टॉय आणि मिनिएचरमध्ये सगळ्यात महत्त्वाची डीएनए टेस्ट म्हणजे पीआरए, त्यातला पीआरसीडी हा प्रकार. यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो, आधी रात्रीचं दिसेनासं होतं आणि मग पूर्ण आंधळेपण, उपाय नाही. टेस्ट गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून होते आणि निकाल तीनपैकी एक येतो: क्लिअर (दोष नाही), कॅरिअर (दोषाची एकच प्रत, स्वतःला आजार नाही पण पिल्लांकडे जाऊ शकते), अफेक्टेड (दोन्ही प्रती दोषी). आईबापातला एक जरी क्लिअर असला तरी पिल्लाला हा आजार होत नाही. दोघं कॅरिअर असले तर प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका. म्हणून कॅरिअर शब्द बघून घाबरून उठू नका, जोडी कशी लावलीये ते बघा. उलट जो ब्रीडर स्वतःहून सांगतो की माझी मादी कॅरिअर आहे म्हणून मी क्लिअर नर शोधला, त्याच्यावर माझा जास्त भरवसा बसतो. आणि ही टेस्ट एकाच प्रकारच्या पीआरएची आहे, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरने दरवर्षी केलेली तपासणी असेल तर फारच उत्तम.

दुसरं म्हणजे गुडघ्याची वाटी सरकणं. छोट्या पूडलमध्ये हे इतकं दिसतं की आईबापाची वाटी व्हेटने हाताने तपासून ग्रेड लिहून दिलेली असायलाच हवी, तीही कुत्रा वर्षाचा झाल्यानंतर. ग्रेड एक म्हणजे दाबली तर सरकते आणि आपोआप परत जागेवर येते, ग्रेड चार म्हणजे कायमची सरकलेली. याशिवाय मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजतो तो पर्थेस आजारही छोट्यांमध्ये असतो, त्याची डीएनए टेस्ट नाही, तिथे ‘तुमच्या लाइनमध्ये कुठलं पिल्लू वर्षाच्या आत लंगडायला लागलं होतं का’ एवढंच विचारता येतं. फिट्सचंही तसंच विचारा.

स्टँडर्ड घेत असाल तर यादी वेगळी: दोन वर्षांचा झाल्यावर काढलेला कमरेच्या सांध्याचा एक्स-रे, रक्त न गोठण्याच्या व्हॉन विलेब्रँड आजाराची आणि नवजात पिल्लांना फिट्स येणाऱ्या आजाराची डीएनए टेस्ट, आणि घराण्यात ॲडिसन हा हॉर्मोनचा आजार, पोट फुगून पीळ पडणं किंवा सिबेशियस अडेनायटिस हा त्वचेचा आजार कुणाला झाला का याची चौकशी.

आता खरं सांगायचं तर या सगळ्या टेस्ट केलेले ब्रीडर आपल्याकडे कमी आहेत. पण पीआरए आणि वाटी या दोन गोष्टी मी सोडत नाही, रिपोर्टवर कुत्र्याचा (कातडीखाली बसवलेल्या) मायक्रोचिपचा नंबर आहे का आणि तोच नंबर त्याच्या केनेल क्लबच्या सर्टिफिकेटवर आहे का हे जुळवून बघते. टेस्ट झाली नसेल आणि ब्रीडर बाकी प्रामाणिक वाटत असेल तर सरळ म्हणा, पुढच्या लिटरआधी तुम्ही टेस्ट करा, मी थांबते.

केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपरबद्दल एक गैरसमज फार आहे. ते सर्टिफिकेट पिल्लाचं कुळ सांगतं, त्यात आईबापाची नावं, जन्मतारीख, चिप नंबर असतो. तब्येतीबद्दल ते एक अक्षर सांगत नाही. आणि पेपर नसलेलं ‘टॉय पूडल’ कधीकधी शिह त्झू किंवा माल्टीज क्रॉस निघतं, लहानपणी दोघांचे केस लोकरीसारखेच दिसतात, सहा महिन्यांनी तोंड आखूड आणि डोळे बटबटीत निघाले की मग कळतं.

रंगाच्या नादाला लागू नका. सिल्व्हर पूडल जन्मतः काळा असतो, तोंड आणि पाय भादरले की खालून चंदेरी झाक दिसते, आणि रेड, ॲप्रिकॉट बहुतेक वर्षा-दोन वर्षांत फिके पडतात. ‘रेअर मर्ल’ (डागाडागांचा) म्हणून दुप्पट पैसे मागतात तो रंग पूडलमध्ये मान्यच नाही, आणि दोन मर्ल एकत्र आणले तर बहिरी, आंधळी पिल्लं होऊ शकतात.

प्रत्यक्ष बघायला जाताना

एका दिवशी एकाच ब्रीडरकडे जा. पार्व्होचा विषाणू चपलेला चिकटून दुसऱ्याच्या घरात जातो आणि जमिनीवर कित्येक महिने जिवंत राहतो. चांगला ब्रीडर दारातच चपला काढायला आणि हात धुवायला सांगेल.

आत गेल्यावर पिल्लांकडे धावू नका, आधी आई मागा. ती ‘गावी पाठवलीये’, ‘आज डॉक्टरकडे आहे’ असं ऐकलं तर चहा पिऊन निघा. आई समोर आली की बघा: दूध पाजल्याने थोडी बारीक झालेली, केस उतरलेली असेल तर ते स्वाभाविक आहे, पण कातडीवर चट्टे, कानाच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड, हिरड्या पांढऱ्याफटक, हे चालणार नाही. पिल्लांजवळ गेल्यावर ती थोडी गुरगुरली तर ठीक, पण मालक जवळ असूनही थरथर कापत कोपऱ्यात बसली तर ती भीती पिल्लांनी पहिल्या दिवसापासून पाहिलेली आहे.

मग जागा. पिल्लं घरात, माणसांच्या वावरात, मिक्सर-टीव्हीच्या आवाजात वाढतायत का मागच्या बाजूच्या पिंजऱ्यात? झोपायची जागा आणि शी-शूची जागा वेगळी आहे का? पूडलच्या ब्रीडरची एक खूण मला फार आवडते, तो पिल्लं पाच-सहा आठवड्यांची असल्यापासूनच त्यांचं तोंड, पंजे आणि शेपटीचं मूळ क्लिपरने साफ करतो. ज्या पिल्लाने तो आवाज आणि ती थरथर आईजवळ असतानाच ओळखून घेतली ते पुढे आयुष्यभर ग्रूमिंग टेबलवर शांत उभं राहतं.

लसीचं कार्ड कसं वाचायचं

कार्ड हातात घ्या आणि जन्मतारखेपासून आठवडे मोजा. जंताचं औषध दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत. प्रत्येक लसीसमोर बाटलीवरून काढलेलं स्टिकर हवं, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते, आणि बाजूला डॉक्टरची सही आणि रजिस्ट्रेशन नंबरचा शिक्का. नुसती पेनने लिहिलेली तारीख म्हणजे लस झाली असं धरू नका. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या कार्डावर रेबीजचं स्टिकर दिसलं तर थांबा, कारण रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात, मग एकतर वय खोटं आहे नाहीतर कार्ड दुसऱ्याचं आहे. शिक्क्यावरच्या डॉक्टरला फोन लावायला काहीच हरकत नाही.

वयाची खात्री दातांवरूनही होते. आठ आठवड्यांच्या पिल्लाला पुढचे दात, सुळे आणि त्यांच्या मागच्या छोट्या दुधाच्या दाढा आलेल्या असतात. टॉयमध्ये थोडा उशीर होतो, पण मागच्या हिरड्या पूर्ण सपाट असतील तर पिल्लू बहुतेक सहा आठवड्यांच्या आतलं आहे.

पिल्लू हातात घेतल्यावर डोळे बघा, चिपडं किंवा हिरवट पाणी नको. कानाचा वास घ्या, पूडलच्या कानात आतही केस येतात आणि दमट हवेत तिथे लगेच बुरशी धरते, आंबूस वास आला तर विचारा. बेंबीला फुगवटा, डोक्यावर मऊ टाळू, वरच्या टाळ्याला फट नको, नर असेल तर दोन्ही गोळ्या (वृषण) उतरल्यात का ते बघा. हाताला बरगड्या लागाव्यात पण दिसू नयेत, बारीक अंगावर पोट तेवढं ढोलासारखं असेल तर बहुतेक जंत असतात. मग खाली सोडून किल्ल्यांचा जुडगा थोडा लांब टाका. दचकलं तर दचकू दे, काही सेकंदांत परत येऊन वास घेणारं पिल्लू तुम्हाला हवंय.

पैसे आणि लिखापढी

पिल्लू आणि आई प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक रुपया यूपीआय करू नका. आधी टोकन, मग ट्रान्सपोर्ट, मग विमानतळावरचा पिंजरा, मग इन्शुरन्स, अशी साखळी लावून लुटणारे भरपूर आहेत आणि पिल्लू मुळात नसतंच. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने टॉय पूडल हायवेवर टोलनाक्याजवळ गाडीतून घेतला. एजंट घाईत होता, कार्ड नंतर पाठवतो म्हणाला. पाचव्या दिवशी उलट्या, सहाव्या दिवशी रक्ताची हगवण, आणि त्या घरातल्या मुलीने ते पिल्लू मांडीवर घेऊन दवाखान्यात काढलेली रात्र मी पाहिलीये. पिल्लू गेलं आणि एजंटचा नंबर बंद. पार्व्हो अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे विकताना ते पिल्लू खेळकरच दिसत होतं.

म्हणून कागदावर या गोष्टी घ्या: बिल, पिल्लाचा चिप नंबर (स्कॅनर लावून समोर वाचायला सांगा, १५ आकडे असतात), ४८ ते ७२ तासांत तुमच्या व्हेटने तपासून दोष काढला तर पैसे परत, पहिल्या दोन आठवड्यांत पार्व्हो किंवा डिस्टेंपर निघाला तर जबाबदारी कुणाची, वारशाने येणाऱ्या आजारांची हमी किती महिन्यांची, आणि पुढे कधीही तुम्हाला कुत्रा सांभाळता आला नाही तर ब्रीडर परत घेणार का. शेवटच्या मुद्द्यावर चांगला ब्रीडर उलट आग्रह धरतो की दुसऱ्या कुणाला देऊ नका, मलाच आणून द्या.

घरी आणल्यावरचे पहिले दिवस

ब्रीडर जे खायला घालत होता तेच पहिले दहा दिवस चालू ठेवा, बदल करायचा तर हळूहळू मिसळून. टॉय पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्या, झोपायच्या आधीही एकदा. ते अचानक लुळं पडलं, झोकांड्या द्यायला लागलं किंवा थरथरलं तर साखर उतरलेली असू शकते, बोटावर मध किंवा ग्लुकोज घेऊन हिरड्यांना चोळा आणि तसंच दवाखान्यात न्या.

व्हेटकडे दोन दिवसांच्या आत जाच, तिथेही पिल्लू जमिनीवर किंवा बाकावर ठेवू नका, मांडीवरच ठेवा. हृदय, वाटी आणि शीची तपासणी करून घ्या. काही शंका आली आणि दुसरं मत हवं असेल तर मुंबईत परळचं, नागपूरचं आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळचं, अशी सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत. लसी १६ आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी चालू ठेवायच्या, तोवर सोसायटीच्या बागेत खाली सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन रोज बाहेर न्या, रिक्षा, शाळेची मुलं, भाजीवाल्याचा आवाज सगळं दाखवा. रेबीजची लस झाली की महापालिकेचं लायसन्स काढा. आणि ग्रूमरकडची पहिली फेरी लसी पूर्ण झाल्या झाल्या ठरवून टाका, पहिल्या वेळी फुल कट नको, अंघोळ, तोंड आणि पंजे एवढंच, तोपर्यंत घरी रोज दोन मिनिटं कंगवा आणि बंद-चालू ट्रिमर जवळ धरून खाऊ देत रहा.